तांब्याभर पाण्याची नोंद

यंत्राचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. विद्यापीठाच्या कागदपत्रांत त्याला 'बीजस्मृती-वाचक' म्हणत. पण धाराशिव जिल्ह्यातल्या त्या ज्वारी संशोधन केंद्रात ते आलं, त्या आठवड्यातच प्रशिक्षणार्थींनी त्याचं बारसं करून टाकलं. आत्याबाई.

"कारण तिला सगळ्यांचं सगळं आठवतं," हर्षद गावित येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचा. "तुझी आई कधी उपाशी होती, कधी आजारी होती, कुणी तिची चौकशी केली, कुणी नाही केली. आणि न विचारता सांगते."

हर्षद नंदुरबारकडचा. शिवलीला बिराजदार इथलीच, केंद्राच्या कुंपणापासून चार किलोमीटरवरच्या गावातली. दोघंही एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि सहा महिन्यांच्या संशोधन प्रशिक्षणासाठी डॉ. नफिसा मुजावर यांच्या हाताखाली आलेले. काम एकच होतं. 'धीरा' का थकली, ते शोधायचं.

धीरा हे ज्वारीचं वाण. याच केंद्राच्या कोरड्या तुकड्यात, पेरणीनंतर थेंबभरही पाणी न देता, वर्षानुवर्षं निवड करून तयार केलेलं. सुरुवातीला तिने नाव काढलं. शेजारचं पीक माना टाकायचं तेव्हा धीरा उभी असायची. मग गेल्या सात-आठ वर्षांत तक्रारी यायला लागल्या. दाणा बारीक पडतो, ताण पडला की पीक बसतं ते उठतच नाही. जनुकं तपासली, ती जशीच्या तशी. एका अक्षराचाही फरक नाही. मग बिघडलं काय?

या प्रश्नासाठी आत्याबाई आणली होती.

तिचं काम समजायला अवघड नव्हतं. पुस्तकातली अक्षरं तीच राहतात, पण वाचणारा एखाद्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारतो, एखादी ओळ खोडून ठेवतो. पेशीसुद्धा आपल्या जनुकांवर अशाच रासायनिक खुणा करते. ही ओळ मोठ्याने वाच, ही वाचू नको. ताटाला तहान लागली की या खुणा बदलतात, आणि काही खुणा दाण्यात उतरतात. ज्वारीचा दाणा चाळीसेक दिवस थराथराने भरत जातो. आत्याबाई त्या दाण्याचे केसापेक्षा पातळ पापुद्रे काढायची, प्रत्येक पापुद्र्यावरच्या खुणा वाचायची, आणि पडद्यावर एक रेघ काढायची. त्या चाळीस दिवसांतली आईची तहान. रेघ वर गेली म्हणजे तहान वाढली. तारखेत क्वचित एका दिवसाची चूक व्हायची, त्याहून जास्त नाही.

शीतगृहात एकोणीस वर्षांच्या बियाण्याचे एकोणीस डबे होते. पहिल्या नऊ डब्यांवरच्या चिठ्ठ्या शिवलीलाच्या वडिलांच्या अक्षरातल्या होत्या.

मन्मथ बिराजदार एकतीस वर्षं या प्रक्षेत्रावर सहायक होते. पेरणी, निरीक्षण, नोंद, कापणी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांच्या नोंदवह्या विद्यापीठात दाखवायला नेत. वाऱ्याची दिशा लिहायची म्हणून खिशात होकायंत्र बाळगणारा माणूस. कोरड्या तुकड्याच्या वहीत 'पाणी' असा एक रकाना होता, आणि त्यात रोज 'नाही' लिहिलेलं. खाली दोन टिंबं देऊन काम भागवणं त्यांना पटायचं नाही. "दिवस नवा आहे," ते म्हणायचे, "मग शब्दही नवा लिहायचा." त्यामुळे पानंच्या पानं: नाही. नाही. नाही.

गेल्या फाल्गुनात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. शिवलीला तेव्हा परीक्षेला गेली होती.

प्रशिक्षणाचा समारोप वीस डिसेंबरला होता. त्या दिवशी, सर्वांत चांगली वही ठेवणाऱ्या प्रशिक्षणार्थीला 'मन्मथ बिराजदार नोंदवही पुरस्कार' पहिल्यांदाच दिला जाणार होता. आईने त्या दिवसासाठी मोरपंखी इरकल काढून ठेवली होती आणि सांगलीच्या मावशीलाही कळवलं होतं.

*

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला डबा उघडला.

रेघ अपेक्षेप्रमाणे चढत गेली. पाऊस नाही, पाणी नाही, तहान वाढत चाललेली. आणि मग मध्येच रेघ खाली आली. चार दिवस खाली राहिली, पुन्हा चढली.

"उचकी लागली आत्याबाईला," हर्षद म्हणाला.

त्यांनी दुसरा दाणा घेतला, तिसरा घेतला. उचकी तिथेच. दुसऱ्या वर्षाचा डबा उघडला, तिथेही होती, फक्त तारीख वेगळी. संध्याकाळपर्यंत नऊ डबे झाले आणि नऊंतही एकेक उचकी निघाली. दहाव्या डब्यापासून रेघ सरळ चढत गेली ती शेवटपर्यंत.

दहाव्या वर्षी मन्मथ बिराजदार निवृत्त झाले होते. त्यानंतर कोरड्या तुकड्यावर आपोआप उघडमीट करणारं छत आलं, जमिनीत ओल मोजणाऱ्या सळ्या आल्या, आणि माणसाचं तिथे जाणंयेणं कमी झालं.

शिवलीलाने तारखा कागदावर लिहून काढल्या. सव्वीस डिसेंबर. तेरा जानेवारी. दोन जानेवारी. तेवीस डिसेंबर. अकरा जानेवारी. तीस डिसेंबर. अशा नऊ.

"पाऊस?" हर्षदने विचारलं.

"बघितला. नाही."

"पाइप गळत असेल."

"पाइप दरवर्षी एकदाच गळतो? आणि दरवर्षी वेगळ्या तारखेला?"

"मग माणूस आहे," हर्षद म्हणाला. त्या तुकड्यात जाणारा माणूस कोण होता, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केंद्राच्या दप्तरातून पहिल्या वर्षाची वही आणली. अप्पांचं अक्षर उजवीकडे किंचित झुकलेलं, निळ्या शाईतलं. गेल्या आठ महिन्यांत तिने त्यांचं काहीच उघडलं नव्हतं, कपाटसुद्धा नाही. सव्वीस डिसेंबरवर बोट ठेवून तिने मोठ्याने वाचलं, "सकाळी ग्रहण. आकाश ढगाळ. मजूर उशिरा आले. पाणी: नाही."

"चंद्रग्रहणाला मजूर कशाला थांबतील?" हर्षद म्हणाला.

"सकाळी कसलं चंद्रग्रहण? सूर्यग्रहण असणार."

ती बोलता बोलता थांबली. सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होतं. तिने जुनी पंचांगं पडद्यावर लावली आणि एकेक तारीख ताडून पाहिली. तेरा जानेवारी, अमावास्या. दोन जानेवारी, अमावास्या. नऊच्या नऊ. आणि प्रत्येक वेळी मार्गशीर्षातलीच.

"येळवस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

हर्षदच्या गावाकडे हा सण नव्हता. तिने सांगितलं. वेळ अमावास्या, इकडच्या बोलीत येळवस. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळं गाव शेतात. ज्वारी पोटरी सोडून कणसात दाणा धरत असते, म्हणजे ती पोटुशी असते, आणि हे तिचं डोहाळजेवण. कडब्याची खोप करायची, चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांची पूजा करायची, बाजरीचे उंडे, सतरा भाज्यांची भज्जी, आणि ताक-ज्वारीच्या पिठाची आंबील. आंबील आधी पिकावर शिंपडायची, मग माणसांनी प्यायची.

"झकास," हर्षद म्हणाला. "आम्हाला कधी बोलावलं नाहीस."

पण शिवलीलाला वेगळंच काही आठवत होतं. काकांच्या शेतातली पंगत. दरवर्षी अर्ध्या पंगतीतून अप्पा उठायचे. "जरा केंद्रावर जाऊन येतो." सुट्टीच्या दिवशी. काका चिडवायचे, "वहिनी, दादाचं लग्न तुमच्याशी झालं का ज्वारीशी?" आई हसायची नाही. आणि शिवलीला, सात वर्षांची, दहा वर्षांची, तेरा वर्षांची, बांधावर उभी राहून सायकलवरची ती पाठमोरी आकृती बघायची. तेराव्या वर्षी तिने बघणं सोडून दिलं होतं.

*

बसवंत मामा तेव्हा प्रक्षेत्राचे रखवालदार होते. आता अठ्ठ्याहत्तरचे. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

"मामा, येळवशीला अप्पा केंद्रावर कशाला यायचे?"

मामांनी शेंगेतला दाणा तोंडात टाकला. "हे तू इचारतीस का हापिस इचारतंय?"

"आज मी विचारतेय. उद्या ऑफिस विचारेल."

"मग बस."

ती बसली. मामांनी मूठभर शेंगा तिच्यापुढे सारल्या. ती सोलायला लागली.

"कोरड्या तुकड्याला पाणी दिलं त्यांनी?"

"छ्या! पाणी कुनी दिलं? पाणी द्यायचं न्हाई ह्ये मला ठावं, तर तुझ्या बापाला ठावं नसंल?"

"मामा, दाण्यात दिसतंय."

"काय दिसतंय?"

"त्या दिवशी ताटांची तहान कमी झालेली."

मामांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग हसले, दात नसलेलं, मोकळं. "अजून हाय आठवन त्यांना? एवढ्या सालांची?"

मग त्यांनी सांगितलं. तुकड्यातल्या निवडक चाळीस कणसांना फुलोऱ्याआधी कागदी पिशव्या बांधायचे, बाहेरचे परागकण येऊ नयेत म्हणून. त्या चाळीस ताटांचं बी म्हणजे पुढच्या वर्षीचं मूळ बियाणं.

"समद्या शिवारात त्या दिवशी पिकाला आंबील शिंपत्यात. आन् ह्या चाळीस जणी तेवढ्या डोक्यावरनं पदर घेतल्यागत पिशव्या घिऊन हुब्या, तोंड सुकवून. तुझा बाप म्हनला, बसवंत, रोजचं सोड. पन सणाच्या दिशी पोटुशी बाई दारात हुबी आसंल, तर तिला तांब्याभर पाणी तरी इचारतो का न्हाई माणूस? मी हौदावरनं घागर भरून आनायचो. आंबिलीचं बोट लावायचा, आन् एकेकीच्या बुडात तांब्या वतायचा. एकच. दुसरा न्हाई."

"पण वहीत 'नाही' लिहायचे."

"मग? पाणी दिलंच न्हाई. ओटी भरली." मामांना यात काही विसंगत वाटत नव्हतं. "पाण्याचा रकाना येगळा, बाई. वटीचा रकाना तुमच्या वहीत व्हता कुठं?"

*

प्रयोगशाळेच्या अर्जात 'नमुना बाद' असा एक चौकोन असतो. हर्षदने तो तिच्यापुढे ठेवला. मग न राहवून बोलला, "शीतगृहाची वीज जुन्या काळात जायची. नऊ डबे दमट झाले असतील. खोटं नाही, शक्यता आहे."

"वीज येळवशीलाच जायची?"

"मी आपला मित्र म्हणून सांगतोय. वीस तारखेला तुझी आई पहिल्या रांगेत बसणार आहे, लीला."

हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कोरड्या तुकड्याचा अर्थच पाणी नाही असा होता. त्या नऊ वर्षांवर मुजावर मॅडमची पीएच.डी. उभी होती, चार शोधनिबंध उभे होते, वाणाची शिफारस उभी होती. आणि वडिलांचं नाव, ज्याच्यामागे आता फक्त ते निळं अक्षर उरलं होतं.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"मग? आता काय करणार?"

"मॅडमना सांगावं लागेल."

"कशासाठी?"

"काय घडलं ते शोधायलाच बसवलंय मला."

"एकतीस वर्षांत एक दिवस रजा टाकली नाही त्या माणसाने. तांब्याभर पाणी ओतलं, तेवढंच शोधलंस तू?" आईने भाकरी तव्यात टाकली. "माणूस गेला. आता त्याच्या वहीत कशाला बोट घालतीस?"

ताट वाढून झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुझं तू बघ. मी येत नाही वीस तारखेला."

दोन दिवस तिने अर्ज तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी वह्या परत ठेवताना तिची नजर एका 'नाही'वर पडली. तेवीस डिसेंबर. मग दुसऱ्यावर, अकरा जानेवारी. या नऊ दिवसांचे 'नाही' बाकीच्यांपेक्षा किंचित ठळक होते. पेन दाबून लिहिलेले. म्हणजे अप्पांना मामांइतकं सरळ वाटत नव्हतं. हात अडखळला होता, दरवर्षी, आणि तरीही त्यांना दुसरं काही लिहायला जागा नव्हती.

जागा आता तिच्या अहवालात होती. तिने नऊ वह्या उचलल्या आणि मुजावर मॅडमच्या खोलीत गेली.

*

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलल्या, "येळवशीला? आपण सगळे घरी असायचो तेव्हा." मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुला माहितीये ना, हे बाहेर गेलं की पहिल्यांदा माझे निबंध दुरुस्त करावे लागतील?"

"हो मॅडम."

"आणि तो पुरस्कार त्या नावाने देता येणार नाही. निदान यंदा तरी."

"हो मॅडम."

"तरी आलीस." त्यांनी एक वही उघडली, मिटली. "बिराजदारांनी मला पिशवी बांधायला शिकवलं. मी नवीन होते, कणीस मोडायचे. एकदाही रागावले नाहीत. मीच त्यांना सांगितलं होतं, थेंबभरही पाणी नको. रुबाबात." मग त्यांचा आवाज बदलला. "लीला, तो शेवटचा घोट कुठल्या वर्षी?"

"नवव्या."

"आणि पहिली तक्रार कधी आली?"

शिवलीलाने मनात हिशेब केला. बाराव्या वर्षी. ती काही बोलण्याआधीच मॅडम उठून फळ्यापाशी गेल्या होत्या.

"तहान लागली की रोप पानांवरच्या छिद्रांची दारं मिटतं. हे सगळीच वाणं शिकतात, सोपं आहे. अवघड आहे ते पुन्हा उघडणं. कधी उघडायची? उघडलेल्या दारातून असलेलं पाणीही गेलं तर? आम्ही पाणी तोडून तोडून फक्त मिटणं शिकवत गेलो. ज्या आईने भर तहानेत एक घोट घेतला, तिच्या दाण्यात दोन्ही उतरलं असेल. तहान येते, आणि पाणी परतही येतं. आताच्या धीराला पाणी परत येतं हे माहीतच नसेल." त्यांनी खडू खाली ठेवला. "असेल, म्हणतेय मी. हा अंदाज आहे. नाचायचं नाही. आधी पेल्यांत रोपं लावा."

त्यांनी पेले लावले. एकोणीस डबे, प्रत्येकाची शंभर रोपं, सगळ्यांना सारखी माती. रोपं तीन पानांवर आली की बारा दिवस पाणी बंद, मग एकदाच पाणी, मग मोजणी. बारा दिवसांनी सगळे पेले सारखेच दिसत होते: चुरगळलेले, राखाडी. हर्षदने पाणी घालता घालता त्यांच्याशी अहिराणीत काही बोलून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवलीला दार उघडून आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. डावीकडचे पेले उभे राहिले होते. सगळे नाहीत. पण पहिल्या नऊ डब्यांची शंभरातली सत्तर-बहात्तर रोपं मान वर करून होती. मग दहावा, अकरावा, बारावा डबा, आकडा उतरत गेलेला. शेवटच्या डब्याची एकोणतीस.

"आत्याबाईने खरं सांगितलं," हर्षद हळूच म्हणाला.

शिवलीला मोजत राहिली. दोनदा मोजलं. मग तिथेच जमिनीवर बसून आठ महिन्यांत पहिल्यांदा ती मोकळेपणाने रडली. हर्षद बाहेर जाऊन उगाच झारी धुत बसला.

*

वीस डिसेंबरला सभागृह अर्धं भरलं होतं. शिवलीलाने पंधरा मिनिटांत सगळं सांगितलं: नऊ उचक्या, नऊ अमावास्या, तांब्या, पेले. वडिलांचं नाव घेताना तिने 'माझे वडील' म्हटलं नाही, 'प्रक्षेत्र सहायक श्री. बिराजदार' म्हटलं. "त्यांनी ठरलेली पद्धत मोडली आणि ते नोंदवलं नाही," ती म्हणाली. "नोंदवलं असतं तर हे आपल्याला सात-आठ वर्षं आधी कळलं असतं. आणि त्यांनी पद्धत मोडली नसती, तर कदाचित कधीच कळलं नसतं."

वाक्य संपवून तिने वर पाहिलं, तेव्हा शेवटच्या रांगेत आई दिसली. नेहमीचं सुती लुगडं, हातात पिशवी.

मुजावर मॅडमनी पुरस्कार पुढे ढकलल्याचं सांगितलं, आपल्या निबंधांची दुरुस्ती पाठवल्याचंही सांगितलं. मग विद्यापीठाची नवी नोंदवही वर धरली. 'पाणी', 'खत', 'कीड' या रकान्यांच्या पुढे आता आणखी एक रकाना होता: 'ठरल्याबाहेर काही केलं असल्यास'. त्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं, की या रकान्यातल्या नोंदीबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही.

परतीच्या वाटेवर आई मागे बसली होती. स्कूटर गावाच्या वळणावर आली तेव्हा मागून आवाज आला.

"मला वाटायचं, साहेबांच्या भीतीने जातात. सणाच्या दिवशी पंगतीतून उठायचं म्हणजे." मग ती म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या माणसाला भित्रा समजत होते."

शिवलीलाने स्कूटरचा वेग कमी केला.

*

एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. यंदाची येळवस सव्वीस डिसेंबरला आली.

प्रशिक्षण संपलं होतं, पण मॅडमनी कोरड्या तुकड्यातल्या चाळीस ताटांसाठी दोघांना थांबवून घेतलं होतं. पावसाचा थेंब नको म्हणून छत मिटून ठेवलं होतं. वीस ताटांना तांब्याभर पाणी, वीस ताटांना काही नाही. पुढच्या वर्षी दोन्हीचं बी पेरून बघायचं. तेव्हा कुठे अंदाजाला आधार मिळणार.

आई काकांच्या शेतातल्या पंगतीतून उठून आली होती. तिच्यामागे बसवंत मामा, काठी टेकत. आईच्या एका हातात आंबिलीची कासंडी, दुसऱ्यात अप्पांचा तांब्या, चिंचेने घासून लखलखीत केलेला.

शिवलीलाने तो घेतला, मोजपात्राने त्यात पाणी ओतून पाहिलं आणि लिहून घेतलं. एक लिटर, शंभर मिलिलिटर.

"देवाचं पाणी मोजतीस?" आई म्हणाली.

"मोजते."

"बापाच्या वरताण झालीय," मामा हर्षदला म्हणाले. "तू कुठला रं?"

"नंदुरबार."

"मग आधी जेवायला बस. आंबील पिल्याबिगर ह्यातलं काय कळायचं न्हाई तुला."

"प्रयोग झाल्यावर, मामा," शिवलीला म्हणाली. "आणि आंबील पिकाला नको, फक्त माणसांना. पेल्यातली रोपं साध्या पाण्यावर उठलीत."

"बरं हाय. तेवढीच आपल्याला जास्त."

पिशव्या घातलेली ताटं दुपारच्या वाऱ्यात सळसळत होती. चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या वीस ताटांना हर्षदने लाल फीत बांधली होती. शिवलीला एकेका लाल फितीपाशी वाकली आणि बुडाशी तांब्या ओतत गेली. काळी माती भेगांतून पाणी आत ओढून घेत होती, आवाज करत. विसाव्या ताटाशी विसावा तांब्या रिकामा झाला तेव्हा आई फीत नसलेल्या ताटांपाशी उभी होती.

"आणि ह्यांना?"

"ह्यांना नाही."

"एक-एक घोट?"

"नाही, आई. ह्यांना दिलं तर कधीच कळणार नाही."

आईने एका ताटाच्या वाळत चाललेल्या पानावरून हात फिरवला. "त्यांना हे जमलं नसतं."

"मलाही जमत नाहीये," शिवलीला म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं. मग कासंडी खाली ठेवली आणि पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला, लहानपणी पुसायची तसा.

बांधावर बसून शिवलीलाने नवी वही उघडली. तारीख लिहिली. आकाश: निरभ्र. वारा: ईशान्येकडून, त्यासाठी खिशातलं होकायंत्र काढून बघितलं. मग 'पाणी'च्या रकान्यात लाल फितीच्या वीस ताटांपुढे लिहिलं, 'दिलं'. ठरल्याबाहेरच्या रकान्यात थोडा विचार करून लिहिलं, 'आईने ताट क्र. ३१ च्या पानावरून हात फिरवला'.

फीत नसलेली वीस ताटं उरली होती. मामा हाका मारत होते, हर्षदने उंड्याचा पहिला घास घेऊन डोळे मोठे केले होते. दोन टिंबं देऊन संपवता आलं असतं. तिने पेन नीट धरलं आणि एकेक ओळ घेत लिहायला सुरुवात केली. नाही. नाही. नाही.

विसाव्या ओळीशी पोचेपर्यंत तिचं अक्षर उजवीकडे किंचित झुकलं होतं.